बिनकामाची ठकी



शेतकऱ्याच्या घरात बसून खाणारे कोणी नसते. गाय-म्हैस दूध देते, शेळी करडे देते, कोंबडी अंडी देते, मांजर धान्याच्या कणगीपाशी उंदरावर नजर ठेवते आणि कुत्रा रात्रभर वस्ती राखतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांचे दिवस कमी झाले, तरी ज्याच्या दावणीला अजून बैल आहेत त्याचे बैल रिकामे उभे नसतात. आणि अशा शेतकऱ्याच्याच घरात, काडीचेही काम न करणारे, चपट्या तोंडाचे, रात्री म्हाताऱ्या माणसासारखे घोरणारे एक विलायती कुत्रे तीन वर्षांपासून सांभाळले जात आहे. ते घर आमचे आहे.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून थोड्या अंतरावर. ऊस, कांदा, टोमॅटो आणि थोडी द्राक्षबाग. बाजाराच्या दिवशी ओळखीच्या बायका विचारतात, "वहिनी, ते कुत्रं केवढ्याला घेतलं हो?" मी सांगते, "विकत नाही घेतलं. कुणाला नको झालं होतं, म्हणून आणलं." मग त्या एकमेकींकडे बघून हसतात. बरोबरच आहे. गावात कुत्र्यांचा काय तोटा, की पुण्याहून कुणाचे टाकलेले कुत्रे आणावे? या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी असे छोटे कुत्रे आणायचा हट्ट धरला असेल, तर त्यांना याचा उपयोग होईल.

आधी या जातीची ओळख करून देते. जातीचे नाव पग. मूळची चीनची. तिथल्या बादशहांच्या वाड्यांत मांडीवर घेऊन बसण्यासाठी म्हणून ती पुरातन काळापासून जोपासली गेली. सोळाव्या शतकात ती युरोपात पोचली आणि तिथल्या राजघराण्यांची लाडकी झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीलाही या कुत्र्यांचा मोठा षोक होता. वजन साधारण सहा ते आठ किलो, म्हणजे आपल्या गावठी कुत्र्याच्या निम्म्यानेसुद्धा नाही. अंग बदामी, तोंड काळे, शेपटी जिलबीसारखी वळलेली, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, कपाळावर सुरकुत्या. शिकार याच्या रक्तात नाही, राखण नाही, मेंढरे वळणे नाही. माणसाच्या पायाशी बसावे, एवढेच काम याला शेकडो वर्षे माणसाने शिकवले.

आपल्या देशात हे कुत्रे घरोघर माहीत झाले ते २००३ साली. हच या मोबाईल फोनच्या कंपनीची जाहिरात तेव्हा टीव्हीवर लागत असे. लहान मुलगा जिथे जाईल तिथे हे कुत्रे त्याच्या मागे मागे जायचे. जाहिरात फार गोड होती आणि ती गोड असण्यात कुणाचा दोष नाही. पण जाहिरात बघून लोकांना कुत्रे हवेसे झाले, आणि ज्याला मागणी आली त्याचे पीक वाढते, हे तुम्हा-आम्हा शेतकऱ्यांना कोणी सांगायला नको. एका वर्षी टोमॅटोला भाव मिळाला की पुढच्या वर्षी बांधापासून बांधापर्यंत टोमॅटो लागतो. तसेच झाले. फरक इतकाच, की भाव पडल्यावर टोमॅटो रस्त्यावर ओतला तर तो रडत नाही.

शहरात अशा कुत्र्यांची पैदास करणारे लोक आहेत. काही जण नियम पाळून, जिवाला जपून करतात. पण काही जण एका खोलीत पिंजरे मांडून कुत्र्यांच्या माद्यांकडून वेत काढत राहतात. पगच्या पिल्लांची डोकी मोठी असल्याने मादीला बाळंतपण अवघड जाते आणि पुष्कळदा पोट फाडून पिल्ले काढावी लागतात. मादी थकली, तिला पिल्ले होईनाशी झाली, की तिची किंमत शून्य. दुसऱ्या बाजूला हौसेने पिल्लू नेणारे असतात. बदली झाली, घरमालकाने नको म्हटले, घरात तान्हे मूल आले, दवाखान्याचा खर्च वाढला, असे एक ना अनेक कारण निघते आणि ते कुत्रे नकोसे होते. कुणी सांगून देतात, कुणी रात्रीच्या वेळी गाडीतून उतरवून निघून जातात. जे कुत्रे जन्मभर माणसाच्या पायाशी बसले, त्याला उकिरड्यावर पोट भरता येत नाही आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडताही येत नाही.

अशा टाकलेल्या कुत्र्यांना गोळा करून, औषधपाणी करून, चांगले घर मिळवून देणारी काही मंडळी पुण्या-मुंबईत आहेत. त्यात नोकरदार, विद्यार्थी, घरी राहणाऱ्या बायका, सगळे असतात. पदरचा पैसा आणि रविवारची सुट्टी घालून हे काम करतात. आमची धाकटी लेक पुण्यात नोकरीला आहे. ती अशाच एका गटात जाऊ लागली होती. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिने फोनमध्ये एक फोटो दाखवला. सहा-सात वर्षांची पगची मादी. अंगावरचे केस जागोजाग गेलेले, एका डोळ्यावर सारा आलेला, पोटाखाली आचळे लोंबलेली. कितीतरी वेते झाली असावीत. पैदास करणाऱ्याने धंदा बंद केला तेव्हा तिला कुणी विचारले नाही. लेक म्हणाली, "आई, पिल्लं लगेच जातात. हिला कुणी नेत नाही. माझ्या खोलीवर घरमालक ठेवू देत नाहीत."

आमचे मालक जेवत होते. त्यांनी विचारले, "खाणार किती आणि करणार काय?" शेतकऱ्याचा हा प्रश्न काही निर्दयपणाचा नव्हे. ज्याला वर्षभराचा हिशेब मांडीवर घेऊन बसावे लागते, त्याने तो विचारलाच पाहिजे. लेक म्हणाली, "खाणार थोडं. करणार काही नाही." मालक म्हणाले, "मग झालं तर!" आणि उठले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई ओसरीवर बसून हे ऐकत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर खुरपे हातातून खाली ठेवले नाही, पण गुडघे धरले आणि दोन वर्षांपासून त्यांचे शेतात जाणे थांबले होते. त्यांनी फोटो मागितला, चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "काम करून झालंय की हिचं. बघा ना तिच्या पोटाकडं. आता तिनं बसून खाल्लं तर कुणाचं काय जातंय?"

हे त्या कुत्रीबद्दलच बोलल्या. पण आमच्यापैकी कुणी लगेच काही बोलले नाही. हात धुवायला गेलेले मालक तिथेच उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "आण बाई. आईला सोबत होईल."

तुम्हाला वाटेल, आता कुत्रे लगेच घरी आले असेल. तसे नाही. मुलगी द्यायची असावी, इतकी चौकशी झाली. गटातली दोन मंडळी मुद्दाम पुण्याहून आमची वस्ती बघायला आली. झोपायची जागा कुठे, घरात लहान मुले किती, आधीचे कुत्रे आहे का, दवाखाना किती लांब, उन्हाळ्यात वीज किती तास जाते, सगळे विचारले. मालक थोडे चिडले. "आमच्या घरात चार पिढ्या जनावरं नांदली आणि ही पोरं मला विचारतायत!" मी म्हटले, "अहो, एकदा फसलेलं जनावर आहे. दुसऱ्यांदा फसू नये म्हणून विचारतात." ते त्यांना पटले.

मग कागद झाला. त्यातल्या अटी तुम्हीही लक्षात ठेवा, कारण खरा गट कोणता आणि लबाड कोणता हे त्यावरून ओळखता येते. पहिली अट, मादीची नसबंदी झालेली असेल, तिच्यापासून पैदास करायची नाही. या शस्त्रक्रियेने पिल्ले थांबतातच, शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जो जीवघेणा रोग वय झालेल्या माद्यांना होतो तोही टळतो. दुसरी, दरवर्षी रेबीजची लस टोचायची. तिसरी, साखळीला किंवा पिंजऱ्यात दिवसभर अडकवायचे नाही. चौथी, सांभाळणे जमले नाही तर दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचे नाही, गटाकडेच परत आणायचे. कुत्रीची किंमत म्हणून एक पैसाही त्यांनी घेतला नाही. ज्याला दयेच्या नावाखाली विलायती पिल्लाचे पैसे हवे असतात आणि जो घर बघायला येत नाही, तो विक्रेता समजावा.

हे सगळे परके वाटत असेल तर आपल्याच तालुक्यातले माणिकडोह आठवा. तिथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. विहिरीत पडलेला, फासात सापडलेला, जंगलात परत सोडता न येणारा बिबट्या तिथे ठेवतात. जो बिबट्या आपली शेळी उचलतो, त्यालाही म्हातारपणी खायला घालणारे लोक आपल्या शेजारी आहेत. मग ज्या जिवाने कुणाचेच काही नेले नाही, त्याला एक कोपरा द्यायला काय हरकत?

कुत्री घरी आली ती मुकी वाटावी अशी. मातीवर पाय ठेवायला तयार नव्हती. जन्म फरशीवर आणि जाळीवर गेलेला. उंबऱ्यापाशी आली की थबकायची, कारण उंबरा ओलांडायचा असतो हेच तिला माहीत नव्हते. कुणी हात उचलला की डोळे मिटून जमिनीला चिकटायची. कागदावर तिचे काहीतरी इंग्रजी राणीसारखे नाव होते. आत्याबाईंनी तिचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहिले. नाक बसके, कपाळ सपाट, डोळे वटारलेले. म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमच्या लहानपणची लाकडाची ठकी!" पूर्वी मुलींना खेळायला चपट्या तोंडाची लाकडी बाहुली असायची, ती ठकी. तेव्हापासून तिचे नाव ठकी.

आमचा गावठी मोत्या वस्तीचा खरा धनी. त्याच्याबद्दल मला धास्ती होती. पण गटाच्या मंडळींनी सांगितले तसे आम्ही केले. पहिले आठ दिवस दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवले, वास ओळखू दिला, जेवण वेगवेगळ्या जागी दिले आणि कौतुक आधी मोत्याचे केले. घरात नवी जाऊ आली की थोरलीचा मान आधी राखावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. नवव्या दिवशी मोत्याने तिला हुंगले, एकदा शिंकला आणि आपल्या जागी जाऊन बसला. आजतागायत दोघांत भांडण नाही. मात्र मोत्या राखण करतो तेव्हा ठकी आतून नुसती घोरते.

आता कामाच्या गोष्टी सांगते. त्या नीट वाचा, कारण यातल्या बऱ्याच आपल्या गावठी कुत्र्यालाही लागू आहेत.

पहिली गोष्ट खाण्याची. कांदा आणि लसूण कुत्र्याला विष आहे. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळलेला असो, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जनावर पांढरेफटक पडते. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणजे आमच्या तालुक्याची दोन मोठी पिके कुत्र्याला वर्ज्य! चॉकलेटही द्यायचे नाही. आमच्याकडे ठकीची भाकरी ताकात किंवा बिनफोडणीच्या वरणात कुस्करतात, वर अर्धे अंडे, कधी उकडलेले मांस. मोत्यालाही आता उरलेली कांद्याची भाजी टाकत नाही. शिवाय ही जात खादाड. द्याल तितके खाते आणि फुगते. चरबी वाढली की आधीच अरुंद असलेला श्वास आणखी कोंडतो. म्हणून माप ठरलेले असावे, पाहुण्यांच्या ताटातून घास नको.

दुसरी गोष्ट डोळे आणि कातडी. डोळे बाहेर असल्याने उसाच्या पात्याने, बाभळीच्या काट्याने चटकन जखम होते. ठकीला उसात आणि कुपाटीत जाऊ देत नाही. डोळा लाल झाला, मिटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे. नाकावरच्या घडीत घाण आणि ओल साचून कातडी सडते. ते काम आत्याबाईंनी घेतले आहे. सकाळी चहा झाला की मऊ ओले फडके, मग कोरडे फडके. गळ्याला पट्टा बांधला की या जातीचा श्वास अडतो, म्हणून छातीवरून बांधायचा पट्टा वापरतो.

तिसरी गोष्ट गोचीड. गोठ्यात गोचीड असायचेच, आणि त्यांच्यापासून कुत्र्याला ताप येतो, रक्त कमी होते. पण गाईम्हशींवर मारायचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नका. वजन कमी असल्याने ते बाधते. कुत्र्याचे औषध वेगळे मिळते, ते डॉक्टरांना विचारून लावावे.

चौथी गोष्ट बिबट्या. आमच्या भागात उसात त्याचा वावर आहे आणि कुत्रे ही त्याची सोपी शिकार. दिवे लागले की ठकी घरात, कडी लावून. मोत्यालाही रात्री पत्र्याच्या बंद पडवीत घेतो. ज्यांच्या भागात बिबट्या आहे त्यांनी आपल्या राखणदाराचा एवढा विचार करावा.

पाचवी गोष्ट ऊन. हीच सगळ्यांत मोठी. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पायाच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता तो जीभ काढून, धापा टाकून बाहेर टाकतो. लांब नाकाच्या कुत्र्याला ते जमते. पगचे नाक माणसाने इतके आखूड करून टाकले आहे, की त्याला धापही धड टाकता येत नाही. धापा टाकण्याच्या कष्टानेच तो आणखी तापतो.

गेल्या वर्षीच्या वैशाखात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. कांदा चाळीत भरायचे काम चालू होते. माणसांची आणि टेम्पोची ये-जा, फाटक उघडे, वीज सकाळपासून गेलेली. आत्याबाईंचा डोळा लागला आणि ठकी आवाजाच्या दिशेने चाळीकडे निघाली. दुपारचा एक वाजला असेल. मालक पोती मोजत होते. त्यांना ती चाळीच्या टोकाला कुशीवर पडलेली दिसली. जीभ जांभळी, तोंडातून चिकट लाळ, पाय ताठ.

त्यांनी पोती टाकली, तिला उचलून धावत विहिरीवरच्या हौदाकडे नेले आणि सावलीत ठेवून पोटावर, मांड्यांच्या आत, पायांवर पाणी ओतायला सुरुवात केली. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. घशात पाणी ओतले नाही, कारण बेशुद्ध जनावराच्या घशात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. ओले पोते अंगावर झाकायचे नाही, हेही गटाच्या मंडळींनी सांगून ठेवले होते. पोत्याखाली उष्णता कोंडते. पाणी ओतत राहायचे आणि वारा घालत राहायचे. कुत्र्याचे अंग एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाईट असते. घरात थर्मामीटर होता, तो शेपटीखाली लावला तर १०६ च्या वर पारा. वीस मिनिटांनी तो १०३ वर आला तेव्हा पाणी थांबवले आणि ओल्या अंगानेच तिला गाडीत घालून, खिडक्या उघड्या ठेवून नारायणगावला डॉक्टरांकडे नेले. सलाईन लागले. डॉक्टर म्हणाले, "आधी गार करून आणलंत म्हणून वाचली. नुसती उचलून आणली असती तर वाटेतच गेली असती."

संध्याकाळी ती घरी आली आणि आत्याबाईंच्या पायाशी झोपली. रात्री आम्ही सगळे जेवायला बसलो, पण आत्याबाई जेवल्या नाहीत. त्यांना तिचे घोरणे ऐकायचे होते. पहाटे कधीतरी ते सुरू झाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली, "अगं, घोरतेय बघ." घोरण्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

मालक याबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीच्या दाराला गुडघ्याएवढ्या उंचीचे लाकडी झापड बसवले आणि आत्याबाईंच्या खाटेखाली वाळ्याचा पडदा भिजवून टाकायची व्यवस्था केली. "खाणार किती आणि करणार काय" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पण तुम्ही तो विचाराल, म्हणून उत्तर देते. खर्च होतो. लस, जंताचे औषध, कधीमधी डॉक्टर. कांद्याचा भाव पडतो त्या वर्षी हा खर्च डोळ्यावर येतो, हे मी लपवत नाही. ज्याच्या घरी माणसाच्या औषधालाच ओढाताण आहे, त्याने असे कुत्रे आणू नये. त्यात कमीपणा नाही. पण ज्याला जमते त्याने खर्च मांडताना दुसरी बाजूही मांडावी. आत्याबाई तीन वर्षांपूर्वी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. आपण आता कुणाच्या उपयोगाच्या नाही, हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते, पण ते त्यांना वाटत होते. आता सकाळी उठून "ठकीचं फडकं कुठाय?" म्हणून विचारतात, तिला घेऊन ओसरीवर येतात, येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो. ठकी काही करत नाही, हे खरेच. ती नुसती त्यांच्या पायाशी बसते. चीनच्या बादशहाने तिच्या जातीला जे काम नेमून दिले होते, तेच ती आमच्या ओसरीवर करते.

आणि समजा, तिने तेही केले नसते. तरी काय? पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो ती पुढच्या वर्षीच्या कामाची आगाऊ मजुरी म्हणून नव्हे. आमच्या घरचा जुना बैल थकल्यावर माझ्या सासऱ्यांनी त्याला बाजार दाखवला नाही, तो दावणीलाच गेला. खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे, दत्तगुरूंच्या भोवती चार कुत्री आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो. नामदेवांनी त्या कुत्र्याला त्याची जात किंवा त्याचे काम विचारल्याचे कुणी कीर्तनकार सांगत नाही.

शेवटी चार गोष्टी कळकळीने सांगते.

मुलांनी छोट्या विलायती कुत्र्याचा हट्ट धरला तर पिल्लू विकत घेऊ नका. तुम्ही एक विकत घेतले की आणखी एका मादीच्या पोटी आणखी एक वेत येते. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ साली केंद्र सरकारने नियम केले आहेत. त्यांत पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असे सांगितले आहे. रस्त्याच्या कडेला टोपलीत पिल्ले घेऊन बसणारा हे काही पाळत नाही.

आणायचेच तर आपल्या गावातले गावठी पिल्लू आधी बघा. त्याला आपले ऊन सोसते, आपली भाकरी पचते आणि ते राखणही करते. नाजूक जातीचे कुत्रे हवेच असेल तर टाकलेले आणा, वय झालेले आणा, आणि वर सांगितलेली उस्तवारी दहा-बारा वर्षे झेपेल का, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. फक्त मुलांच्या हट्टावर आणू नका. मुले शिकायला शहरात जातात आणि कुत्रे आपल्याकडे राहते.

कुत्रे गावठी असो की विलायती, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचा आणि पुढे दरवर्षी टोचत जा. कुणाला कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना-मिरची भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. सगळी इंजेक्शने पूर्ण करा. हा रोग एकदा अंगात उठला की त्यावर उपाय राहत नाही.

आणि पाळलेले जनावर रस्त्यावर सोडू नका. त्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता तो दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांच्या भीतीने कोणी थांबत नसते. माणूस थांबतो तो उंबऱ्याच्या आत असलेल्या जिवाचे डोळे आठवून. कुत्रे सांभाळणे खरोखर जमत नसेल तर तसे मोकळेपणी सांगा, नातेवाइकांना विचारा, डॉक्टरांना विचारा, अशा गटांना कळवा. घर शोधायला महिना लागेल, दोन लागतील. तोवर आपल्या दाराशी त्याची वाटी भरलेली असू द्या.